एमसीबी नेमकी कुणाला वाचवते? ओव्हरकरंट संरक्षणाच्या नियमांमागची कारणं

कामाला नव्याने लागलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने पहिल्या महिन्याभरात मला एक प्रश्न विचारला आहे. "सर, १६ ची एमसीबी सारखी पडतेय. ३२ ची टाकून देऊ का?" एमसीबी म्हणजे करंट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की आपोआप सप्लाय तोडणारा खटका. तिने सप्लाय तोडला की आपण ती 'पडली' म्हणतो, आणि १६, ३२ हे तिचं अँपिअरमधलं रेटिंग. प्रश्न प्रामाणिक असतो. ३२ ची टाकली की एमसीबी पडायची थांबते, हेही खरं आहे.

एकदा असाच एक बोर्ड उघडला होता. अडीच स्क्वेअरच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या वायरीवर कुणीतरी १६ ची एमसीबी काढून ३२ ची बसवली होती. पाइपातून वायर ओढली तर येईना, कारण शेजारच्या दोन वायरींना ती चिकटून बसली होती. जोर लावून हातभर बाहेर काढली. लाल इन्सुलेशन तपकिरी पडलेलं. दोन बोटांत धरून जरा वाकवलं तर वाळक्या सालीसारखं तडकलं आणि आतलं काळवंडलेलं तांबं दिसलं. बोर्ड मात्र चालू होता आणि एमसीबी वर होती. बदलल्यापासून एकदाही पडली नव्हती. तिच्यात काही बिघाडही नव्हता. ३२ अँपिअरला जसं वागायला हवं तशीच ती वागत होती.

ती वायर पाहिल्यावर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. एमसीबी किंवा फ्यूज बसवायचा तो वायरीसाठी. नियमावलीतलं ओव्हरकरंटचं, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त करंटचं प्रकरण कितीही लांबलचक असलं तरी त्यातली बहुतेक कलमं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: या वायरीतून किती करंट किती वेळ गेला तर तिचं इन्सुलेशन शाबूत राहील?

इथे दिलेले आकडे मुख्यतः आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकातले आणि घरगुती एमसीबीच्या आयईसी ६०८९८ मधले आहेत. काही ठिकाणी तुलनेसाठी अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड घेतला आहे. तो १८९७ साली पहिल्यांदा आला आणि तो तयार होण्यात आगीच्या विम्यातल्या लोकांचा मोठा वाटा होता. तुम्ही जिथे काम करता तिथली नियमावली उघडून आकडे ताडून बघा. कारणं सगळीकडे तीच आहेत. आणि बोर्ड उघडण्याआधी सप्लाय बंद, टेस्टरवर न विसंबता मीटरने खात्री, हे कुठल्याही पायरीच्या आधीचं आहे.

सुरुवात वायरीच्या आतून करा

वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते, दुप्पट झाला की चौपट. नवीन माणसाचा अंदाज इथेच चुकतो. "थोडासाच जास्त लोड आहे" असं आपण म्हणतो, पण वायरीच्या दृष्टीने ते थोडंसं नसतं.

साध्या पीव्हीसी वायरीचं इन्सुलेशन कायम ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असं धरून तक्ते बनवलेले आहेत. एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं पॉलिथिलीनचं इन्सुलेशन) असेल तर ९० अंश. पीव्हीसी ७१ अंशांवर पेट घेत नाही. ते हळूहळू कडक होतं, त्यातला लवचीकपणा जातो आणि मग कधीतरी वाकलेल्या जागी तडा पडतो. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ आडाखा या क्षेत्रात वापरतात. म्हणूनच ओव्हरलोडचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. काही वर्षांनी, भलत्याच दिवशी, शॉर्ट होऊन समोर येतं.

शॉर्ट सर्किटची गोष्ट वेगळी. तिथे करंट शेकडो, कधी हजारो अँपिअर असतो आणि वेळ असतो सेकंदाचा काही भाग. एवढ्या थोड्या वेळात उष्णतेला तांब्याबाहेर पडायला उसंतच मिळत नाही. सगळी उष्णता तांब्यातच साठते. तेवढ्या क्षणापुरतं पीव्हीसीला १६० अंशांपर्यंत आणि एक्सएलपीईला २५० अंशांपर्यंत चालतं असं मानक धरतं.

म्हणजे आजार दोन, एक रेंगाळणारा आणि एक झटक्याचा. म्हणून एमसीबीच्या पोटातही दोन वेगळ्या गोष्टी असतात. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, जिला आपण बायमेटल म्हणतो, ती तापून वाकते आणि ओव्हरलोडला एमसीबी पाडते. तिला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा. दुसरी गोष्ट म्हणजे कॉइल. करंट एकदम उसळला की ती चुंबक बनून खटका खेचते आणि करंट मिलिसेकंदांत तुटतो. या दोन्ही गोष्टी एका छोट्या खोक्यात बसवून ह्यूगो श्टोट्झ यांच्या जर्मन कंपनीने १९२४ साली पेटंट घेतलं. आज हातात येणारी एमसीबी मूळ कल्पनेत तीच आहे.

पहिली पायरी: लोडचा करंट काढा

यात फार अवघड काही नाही. वॅट भागिले व्होल्टेज, मोटर असेल तर पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता धरायची, किंवा सरळ नेमप्लेटवरचा करंट घ्यायचा. चालू सर्किट असेल तर क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) लावा आणि कामाच्या ऐन गर्दीच्या वेळी वाचा.

लोड किती वेळ चालणार आहे, हे मात्र विचारून घ्या. अमेरिकेच्या कोडमध्ये तीन तास किंवा जास्त वेळ सलग चालणाऱ्या लोडला 'कंटिन्युअस' म्हणतात आणि त्याच्यासाठी एमसीबी सव्वापट धरायला लावतात. म्हणजे १६ अँपिअर सलग चालणार असेल तर २० ची. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, २० ची एमसीबी २० अँपिअर वाहू शकत नाही का? मोकळ्यावर वाहते. पण बोर्डाच्या डब्यात, झाकण लावलेलं, शेजारी दुसऱ्या तापलेल्या एमसीबी, अशा जागी तासन्‌तास पूर्ण करंट गेला की तिचे टर्मिनल तापतात. बायमेटलला उष्णता कुठून आली ते कळत नाही. घरगुती एमसीबीची मोजणी ३० अंशांच्या हवेत केलेली असते, बोर्डाच्या आत त्याहून बरंच गरम असू शकतं.

दुसरी पायरी: वायरीची खरी क्षमता काढा, छापलेली नाही

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा तांब्याची अडीच स्क्वेअर पीव्हीसी वायर आहे, सिंगल फेज, भिंतीवरच्या पाइपातून नेलेली. आयईसीच्या तक्त्यात या पद्धतीला २४ अँपिअर दिलेले आहेत. बहुतेक जण इथेच थांबतात. पण त्या तक्त्याच्या डोक्यावर एक अट लिहिलेली असते: आजूबाजूची हवा ३० अंश आणि पाइपात एकच सर्किट.

हवा ४० अंशांची असेल तर ०.८७ ने गुणायचं. ५० अंशांची असेल, उदाहरणार्थ तापलेल्या पत्र्याखाली, तर ०.७१ ने. कारण साधं आहे. वायरीची उष्णता बाहेर जाते ती वायर आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. ७० आणि ३० मध्ये ४० अंशांचा फरक होता, ७० आणि ४० मध्ये ३० चाच उरला.

मग एकाच पाइपातली सर्किटं मोजा. दोन असतील तर ०.८०, तीन असतील तर ०.७०, चार असतील तर ०.६५. शेजारची वायर स्वतः तापलेली असेल तर आपल्या वायरीने उष्णता सोडायची कुठे? थंडीत एका खोलीत माणसं दाटीवाटीने बसली की ऊब येते, तोच प्रकार.

आता हिशेब करा. २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.७०, म्हणजे साधारण १४.६ अँपिअर. ज्या वायरीला आपण डोळे मिटून '२० ची वायर' म्हणतो, तिच्यावर या जागी १६ ची एमसीबीसुद्धा बसत नाही. चार स्क्वेअर घेतली तर तक्त्यात ३२ अँपिअर, त्याच अटींत १९.५. तिथे १६ बसते, २० बसत नाही.

उष्णता अडवणाऱ्या भिंतीत, म्हणजे इन्सुलेशनच्या थरात पुरलेल्या पाइपासाठी मूळ तक्त्यातच अडीच स्क्वेअरला १९.५ अँपिअर आहेत. म्हणून वायर कुठून कुठे जाते ते आधी फिरून बघा. संपूर्ण मार्गात जी जागा सर्वांत वाईट असेल, तिच्यावरून वायरीची क्षमता ठरते. चाळीस मीटर मोकळ्या हवेत आणि पाच मीटर तापलेल्या छतात असेल, तर ते पाच मीटर धरायचे.

सुरुवातीच्या त्या बोर्डाकडे पुन्हा बघा. ३२ ची एमसीबी ३६ अँपिअर तासभर सहन करते आणि तशी परवानगीच तिला आहे, ते पुढच्या पायरीत येईल. पाइपात ती वायर एकटीच होती असं धरलं तरी ४० अंशांच्या हवेत तिची क्षमता साधारण २१ अँपिअर. ३६ अँपिअर गेले की उष्णता तिपटीच्या आसपास. ३० अंशांची परवानगी असलेली वाढ ढोबळमानाने ९० वर जाते, म्हणजे तांबं १३० अंशांच्या जवळपास. आणि ती एकटी नव्हती. चिकटून बसलेल्या तीन वायरींचं कारण इतकं सरळ होतं.

तिसरी पायरी: दोन आकड्यांच्या मध्ये एमसीबी बसवा

नियम असा: लोडचा करंट एमसीबीच्या रेटिंगपेक्षा जास्त नको आणि एमसीबीचं रेटिंग वायरीच्या खऱ्या क्षमतेपेक्षा जास्त नको. रेटिंग लोडच्या खाली गेलं तर एमसीबी विनाकारण पडेल, वायरीच्या वर गेलं तर वायर जळेल.

याला जोडून एक दुसरी अट येते, ती बहुतेकांना गूढ वाटते. एमसीबी ज्या करंटला नक्की पडते तो करंट वायरीच्या क्षमतेच्या १.४५ पटीपेक्षा जास्त नको. हे १.४५ कुठून आलं?

आयईसी ६०८९८ प्रमाणे ६३ अँपिअरपर्यंतची एमसीबी रेटिंगच्या १.१३ पट करंटला एक तास पडता कामा नये आणि १.४५ पट करंटला एका तासाच्या आत पडलीच पाहिजे. १६ च्या एमसीबीचे आकडे १८ आणि २३.२. मधल्या पट्ट्यात ती पडेल किंवा नाही, दोन्ही तिला माफ आहे. बायमेटल काही प्रयोगशाळेतला थर्मामीटर नाही, आणि त्याला फार नाजूक केलं तर प्रत्येक मोटर सुरू होताना सप्लाय जाईल. म्हणून थोडी सैल दोरी ठेवलेली आहे. रेटिंग वायरीच्या क्षमतेच्या आत असेल तर अशा एमसीबीत १.४५ ची अट आपोआप पाळली जाते, वेगळा हिशेब करावा लागत नाही.

तार बदलायच्या जुन्या किटकॅट फ्यूजचं तसं नाही. तो साधारण दुप्पट करंटला उडेल अशी खात्री धरता येते. १.४५ भागिले २ म्हणजे ०.७२५. म्हणून ब्रिटिश नियमांत अशा फ्यूजमागे वायरीची क्षमता ०.७२५ ने गुणून धरायला लावतात. एकाच वायरीवर एमसीबी मोठी चालते आणि तारेचा फ्यूज लहान लागतो, याचं कारण हेच. वर त्या फ्यूजमध्ये नेमकी कुठली तार भरली जाईल याची खात्री कुणालाच नसते, ते निराळं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. १.१३ ते १.४५ मधला पट्टा हा वापरायला दिलेला जादा कोटा नाही. मानकातच गृहीत आहे की सर्किट असं आखलेलं असेल की लहान ओव्हरलोड दीर्घकाळ, वारंवार येणार नाही. ते गृहीत पाळायची जबाबदारी सर्किट आखणाऱ्याची आहे, एमसीबीची नाही. लोड १७-१८ अँपिअर आहे आणि १६ ची एमसीबी 'टिकतेय', म्हणून सोडून देऊ नका.

चौथी पायरी: शॉर्ट सर्किट दोन्ही टोकांना तपासा

हातातली एमसीबी उजेडात धरून तिचा चेहरा वाचा. 'सी १६' दिसेल. त्याखाली चौकटीत ६००० आणि बाजूला छोट्या चौकोनात ३. पुष्कळ जण फक्त १६ वाचतात.

चौकटीतला ६००० म्हणजे एमसीबी जास्तीत जास्त किती अँपिअरचा शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकते तो आकडा. तोडताना आत ठिणगीचा झोत तयार होतो, तो पातळ पत्र्यांच्या जाळीत नेऊन विझवला जातो. त्या जाळीच्या ताकदीपेक्षा करंट जास्त असेल तर झोत विझत नाही आणि एमसीबीच फुटते. म्हणून जिथे एमसीबी बसते तिथे जास्तीत जास्त किती शॉर्ट करंट येऊ शकतो ते बघायचं. समजा ४०० केव्हीए, ४०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याचा इम्पीडन्स (आतला अडथळा) ४ टक्के आहे. फुल लोड करंट ५७७ अँपिअर, त्याला ०.०४ ने भागलं की साधारण १४,४०० अँपिअर. त्याच्या पायथ्याशी ६००० ची एमसीबी एकटी लावता येत नाही. केबलची लांबी वाढत जाते तसा हा आकडा झपाट्याने उतरतो, म्हणून आतल्या छोट्या बोर्डात तीच एमसीबी चालते.

आता दुसरं टोक. शॉर्ट करंट सर्वांत कमी कुठे असतो? वायरीच्या शेवटी. आणि धोका तिथेही आहे, कारण करंट कमी झाला तर कॉइल खेचतच नाही. 'सी' अक्षराचा अर्थ इथे लागतो. 'बी' प्रकारची कॉइल रेटिंगच्या ३ ते ५ पटीत खेचते, 'सी' ५ ते १० पटीत, 'डी' १० ते २० पटीत. म्हणजे सी १६ नक्की झटक्यात पडावी असं वाटत असेल तर १६० अँपिअर मिळायला हवेत.

उदाहरण घ्या. बोर्डापर्यंतच्या सप्लायचा लूप इम्पीडन्स, म्हणजे फेजने जाऊन अर्थने परत येणाऱ्या वाटेचा एकूण अडथळा, ०.८ ओहम. तिथून ४० मीटर अडीच स्क्वेअरची वायर, सोबत दीड स्क्वेअरची अर्थ वायर. तांब्याचा रेझिस्टन्स अडीच स्क्वेअरला किलोमीटरमागे ७.४१ ओहम आणि दीड स्क्वेअरला १२.१. चाळीस मीटरचे दोन्ही मिळून साधारण ०.७८. एकूण १.५८ ओहम. २३० भागिले १.५८ म्हणजे साधारण १४५ अँपिअर. सी १६ ला हवे होते १६०. आता उपकरणाच्या धातूच्या अंगाला फेज लागला तर काही सेकंद ते अंग जिवंत राहील. अशा सर्किटसाठी २३० व्होल्टला मानकाची मर्यादा ०.४ सेकंद आहे, कारण एवढ्या वेळेपलीकडे अंगातून गेलेला करंट हृदयाला घातक ठरू शकतो. याच जागी बी १६ लावली तर ८० अँपिअर पुरतात आणि हिशेब बसतो. वायर तापली की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून मोजलेल्या आकड्यावर थोडी गुंजाईश ठेवा.

'सी' म्हणजे दणकट, म्हणून सगळीकडे 'सी', अशी एक समजूत पसरलेली आहे. लांब वायरीच्या टोकाला ती महागात पडते.

राहिलं वायरीचं सहन करणं. करंटचा वर्ग गुणिले वेळ, हा आकडा वायरीच्या मर्यादेत हवा. तांबं आणि पीव्हीसी असेल तर ती मर्यादा म्हणजे ११५ गुणिले स्क्वेअर मिलिमीटर, आणि त्याचा वर्ग. अडीच स्क्वेअरला ८२,६५६. म्हणजे १००० अँपिअरचा शॉर्ट ती ०.०८ सेकंद सोसते. दीड स्क्वेअर फक्त ०.०३ सेकंद. पापणी लवायच्या आत. फार मोठ्या करंटला, जिथे एमसीबी अर्ध्या सायकलमध्येच तोडते, तिथे हा हिशेब स्वतः न करता उत्पादकाने दिलेला, किती ऊर्जा पुढे जाऊ देते तो आकडा घ्यायचा. चौकोनातला ३ त्याच संदर्भातला आहे: ती ऊर्जा सर्वांत कमी जाऊ देणारा वर्ग.

पाचवी पायरी: जागा

संरक्षण वायरीच्या सुरुवातीला बसतं, शेवटी नाही. आणि वाटेत कुठेही वायर बारीक झाली की त्या सांध्यापाशी नवं संरक्षण लागतं. चार स्क्वेअरच्या लाइनवरून दीड स्क्वेअरचा फाटा काढला तर मागची एमसीबी चार स्क्वेअरला ओळखते, दीडला नाही.

एक सवलत आहे: तीन मीटरच्या आत फाट्याचं संरक्षण बसवता येतं, मात्र मध्ये दुसरा फाटा किंवा सॉकेट नको, शॉर्टची शक्यता कमीत कमी ठेवलेली हवी आणि जवळ जळाऊ सामान नको. बसबारवरून (बोर्डातल्या जाड धातूच्या पट्टीवरून) शेजारच्या डब्यात वायर न्यायची तर तेवढी लांबी लागतेच, हे ओळखून दिलेली ती सवलत आहे.

फ्यूज फेजमध्ये, एकट्या न्यूट्रलमध्ये कधीच नाही. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर उपकरण बंद पडतं, माणसाला वाटतं सप्लाय गेला, आणि आत फेज तसाच बसलेला असतो. थ्री फेजमध्ये तर न्यूट्रल एकटा तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन असमान लोडमध्ये वाटले जातात, आणि हलक्या लोडच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. न्यूट्रल तोडायचाच असेल तर सर्व फेजबरोबर एकदम.

सहावी पायरी: जिथे नियम उलटा दिसतो

मोटरच्या सर्किटला पाहून नवखे गोंधळतात. मोटर १० अँपिअरची, वायर साडेबाराची आणि वर ब्रेकर २५ चा. अमेरिकेच्या कोडमध्ये मोटरच्या करंटच्या २५० टक्क्यांपर्यंत ब्रेकर चालतो, म्हणजे हे नियमात आहे. कारण मोटर सुरू होताना सहा ते आठ पट करंट ओढते आणि छोटा ब्रेकर दर वेळी पडेल. म्हणून काम वाटून दिलंय. ब्रेकर फक्त शॉर्ट बघतो, आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या करंटवर लावलेला असल्याने मोटर आणि वायर दोघांचा ओव्हरलोड तो बघतो. रिले काढून टाकला किंवा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवला, तर ती वायर उघडी पडली म्हणून समजा.

काही सर्किटांत ओव्हरलोडला सप्लाय तोडणं हेच जास्त घातक असतं. लोखंड उचलणारा चुंबक, आग विझवणारा पंप. पंपाची वायर जळाली तरी चालेल, पाणी थांबता कामा नये. मोठा करंट मोजण्यासाठी लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीत, म्हणजे मीटरकडच्या गुंडाळीत, तर फ्यूज कधीच घालत नाहीत, कारण ती उघडी पडली की तिच्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज चढतं.

एमसीबीला काय दिसत नाही

सैल स्क्रू तिला दिसत नाही. टर्मिनलवर अर्धा ओहमचा सैल सांधा आणि त्यातून १० अँपिअर, म्हणजे ५० वॅट उष्णता, नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक करपायला तेवढी पुरते. एमसीबीला मात्र १० अँपिअरच दिसतात, ती का पडेल? स्क्रू ड्रायव्हरने आवळताना उत्पादकाने दिलेला टॉर्क पाळा, आणि वायर एकदा ओढून बघायची सवय लावा.

माणूसही तिला दिसत नाही. शॉक लागून अंगातून जाणारा करंट मिलिअँपिअरमध्ये असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत फरक पडला की सप्लाय तोडणारं उपकरण, वेगळी लागते. जिथे अर्थिंग फक्त जमिनीतल्या रॉडवर आहे तिथे तर आरसीडीशिवाय गत्यंतरच नाही. रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर फेज अंगाला लागल्यावर जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ ची एमसीबी त्याला साधा लोड समजेल.

आता तो प्रश्न

एमसीबी पडतेय. आधी ती कधी पडते ते विचारा. बटण वर करताच खटकन पडत असेल तर शॉर्ट आहे, किंवा मोठा स्टार्टिंग करंट. हँडल बोटाने दाबून धरून उपयोग नाही, आतली यंत्रणा तरीही सुटते, आणि ती तशी मुद्दाम बनवलेली आहे. वीस-तीस मिनिटांनी पडत असेल तर ओव्हरलोड. लोड कमी असूनही पडत असेल तर सप्लाय बंद करून टर्मिनल तपासा, सैल असेल तर तिथली उष्णता बायमेटलपर्यंत पोचते.

ओव्हरलोडच निघाला, क्लॅम्प मीटरवर १८ अँपिअर आले, तर ३२ च्या एमसीबीकडे हात नेऊ नका, पाइपाकडे बघा. तीन सर्किटं असतील तर एक दुसऱ्या पाइपातून न्या. उरलेल्या दोनमध्ये या सर्किटला चार स्क्वेअर ओढा. ३२ गुणिले ०.८७ गुणिले ०.८०, म्हणजे २२ अँपिअर. आता २० ची एमसीबी लावता येते: लोड १८, एमसीबी २०, वायर २२. लूप इम्पीडन्स मोजून नोंदवा. आणि बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक एमसीबीसमोर वायरीचा साइझ आणि पाइपातली सर्किटं लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर जो कुणी ते झाकण उघडेल त्याला हाच हिशेब समोर दिसेल.